हजेरीचा रुपया

परवा वस्तीतल्या विहारात आपल्या पोरांची बैठक झाली. विषय होता सरकारी योजनांचे पैसे. बाई गरोदर राहिली की नाव नोंदवा, तपासून घ्या, मग पैसे. पोरगी शाळेत घाला, हजेरी भरा, मग पैसे. एक जण उठला नि म्हणाला, ही भीक आहे, आपल्या बायांनी असल्या पैशांवर थुंकावं. टाळ्या पडल्या. दुसरा उठला. हा बी.ए. झालेला. म्हणाला, अट आहे म्हणून तरी आपली पोरं शाळेत जातात, नाहीतर आपलेच बाप त्यांना कामाला जुंपतात. त्यालाही टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे हात तेच.

मी तिसरी पाळी करून आलेलो. अंगावर डाळीच्या गोण्यांचा भुसा तसाच. गप्प बसलो. तिथं बोललो नाही ते इथं लिहितो. मी मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराकडं हमाली करतो आणि जमेल तेव्हा कविता करतो. अर्थशास्त्र मला कुणी शिकवलं नाही. पण हजेरी म्हणजे काय, खाडा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. आणि हा सगळा मामला हजेरीचाच आहे.

आधी माझ्या आजाची गोष्ट ऐका.

आजा गोदीत होता. कार्डवाला, नोंदणीचा कामगार. त्याच्या आधीच्या पिढीतला गोदी कामगार म्हणजे फाटकावर उभं केलेलं जनावर. मुकादम यायचा, दंड चाचपायचा, ज्याला बोट लावलं तो आत, बाकीचे उपाशीपोटी घरी. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला. त्यातून बोर्ड आलं, नोंदणी आली. आणि त्याच्याबरोबर आला हजेरी भत्ता. नोंदणीचा कामगार पाळीला हजर राहिला आणि जहाजच लागलं नाही, काम निघालं नाही, तर त्याला रिकाम्या हातानं परत धाडायचं नाही. हजर राहिल्याचे पैसे द्यायचे. पुरी मजुरी नव्हे, पण पैसे. आजा मिशीला पीळ देऊन सांगायचा, "म्या आलो. काम नाय तर ती माझी चूक नाय. तुमची."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी पुढं त्याच्याकडंच येणार आहे.

आजा म्हातारपणी गावी येऊन राहिला. आम्ही दोघं भावंडं तेव्हा गावीच, जिल्हा परिषदेच्या शाळेत. बाप मुंबईत नाक्यावर. बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी. ती पहिलीत गेली तेव्हा मास्तरानं आईला सांगितलं, पोरीला रोजचा एक रुपया मिळंल. महाराष्ट्र सरकारनं १९९२ साली ही योजना काढली होती. दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या घरातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता. दिवसाला एक रुपया. वर्षाला फार तर दोनशे वीस. अट अशी की शंभरातले पंचाहत्तर दिवस हजेरी पाहिजे. ती भरली नाही तर काही नाही. आणि हा रुपया पुढं दोन दशकांहून जास्त काळ रुपयाच राहिला. डाळ वाढली, रॉकेल वाढलं, आमदारांचे पगार वाढले. पोरीचा रुपया वाढला नाही.

तरी सांगतो, बहिणीला त्या रुपयाचं अप्रूप होतं. सकाळी उठून म्हणायची, "दादा, चल लवकर, माझा रुपया बुडंल." आमच्या घरात आईच्या खालोखाल कमावती तीच. हसू नका. सहा वर्षांच्या पोरीला आपल्या नावावर पैसा लागतो हे कळणं ही साधी गोष्ट नाही.

पण सुगीत आई कापणीला जायची. धाकटा भाऊ तेव्हा पाळण्यात. त्याला कुणाच्या जिवावर ठेवायचं? बहीण घरी राहायची. आईचा एक दिवस बुडाला तर घरात चूल नाही. बहिणीचा एक दिवस बुडाला तर एक रुपया. तुम्हीच हिशेब करा. दुसरीत तिची हजेरी पंचाहत्तरच्या खाली गेली. त्या वर्षीचा भत्ता गेला. जेवढे दिवस गेली होती तेवढ्याचेही पैसे नाहीत.

आजा काठी टेकत शाळेत गेला. मास्तर त्या सबंध वर्षात निम्मे दिवस नव्हता. कधी मीटिंग, कधी निवडणुकीची यादी, कधी जनगणना, कधी नुसताच नव्हता. आजानं विचारलं, "मास्तर, पोरगी आली नाय त्या दिसाचा रुपया तुमी कापला. ठीक. पन पोरगी आली आन् तुमी आला नाय, त्या दिसाचा रुपया कोन देतं?"

मास्तर हसला. म्हातारा येडा झाला म्हणाला. मी तेव्हा दहा वर्षांचा नव्हतो. पण आज एवढी पुस्तकं चाळून सांगतो, या सगळ्या विषयावर याच्याहून मोठा सवाल मला अजून कुठं सापडला नाही.

आपला एक दोस्त एम.ए. करतो. त्यानं मला झेरॉक्सचा गठ्ठा आणून दिला. त्यातून कळलं की जगात या प्रकाराचं मोठं शास्त्र आहे. त्याला म्हणतात सशर्त रोख मदत. मेक्सिको देशानं १९९७ साली प्रोग्रेसा नावाची योजना काढली. पुढं तिचं नाव ओपोर्तुनिदादेस झालं, मग प्रोस्पेरा झालं. पैसे दर दोन महिन्यांनी आईच्या हातात. अट, पोरांची शाळेत पंच्याऐंशी टक्के हजेरी आणि दवाखान्यात ठरलेल्या तपासण्या. वरच्या वर्गातल्या मुलींना मुलांपेक्षा जास्त पैसे, कारण मुलीच आधी गळतात. पाचशे सहा खेडी घेतली, तीनशे वीस गावांत आधी पैसे दिले, एकशे शहाऐंशी गावांना थांबवून ठेवलं आणि फरक मोजला. फरक दिसला. माध्यमिक शाळेत पोरं वाढली, मुली जास्त वाढल्या. मग जगभरचे विद्वान, बँका, सरकारं या योजनेमागं धावली. डझनावारी देशांनी नक्कल केली. २०१९ साली खुद्द मेक्सिकोनं ती बंद केली, तो भाग वेगळा.

आता बघा. मेक्सिको १९९७. आपला रुपया १९९२ चा. म्हणजे ज्याचे जगभर सोहळे झाले ते आमच्या गावच्या पोरींवर पाच वर्षं आधीच चाललं होतं. फक्त तिकडं पैसे घरखर्चाला हातभार लागेल एवढे होते आणि इकडं एक रुपया. अट मात्र तेवढीच कडक.

म्हणजे पैशात कंजूस, अटीत उदार. हा आमच्या राज्यकर्त्यांचा खाक्या.

या अटीच्या पोटात काय आहे ते आपण नीट बघितलं पाहिजे. अट घालणारा मनात काय धरून चालतो? तो धरून चालतो की गरीब आईला पोराची काळजी नाही. तिला पैशाचं आमिष दाखवल्याशिवाय ती पोराला सुई टोचून घेणार नाही. तिला शाळेची किंमत कळत नाही. ती आळशी, ती अडाणी, तिला वळण लावलं पाहिजे. ही भाषा तुम्हाला ओळखीची वाटत नाही का? हजार वर्षं हेच ऐकलंय आपण. आधी म्हणाले तुम्हाला अक्षराचा अधिकार नाही. आता म्हणतात तुम्हाला अक्षराची गोडी नाही. दोन्ही वेळा दोष आमचाच. शाळेचं दार ज्यांनी लावलं होतं त्यांनीच आता दारात उभं राहून आमची हजेरी मोजायची!

बी.ए. वाल्या दोस्ता, तू म्हणालास आपले बाप पोरांना कामाला जुंपतात. जुंपतात. माझ्याही बापानं मला दहावीनंतर जुंपलं. पण का जुंपलं ते विचारशील की नाही? नाक्यावर त्याचा पाय मोडला म्हणून. त्याला शाळेचा राग होता म्हणून नव्हे. माझी मार्कशीट त्यानं अजून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीय, रेशनकार्डाच्या वर.

आता बहिणीची आजची गोष्ट.

ती आता मुंबईतच आहे, आमच्याच वस्तीत. चार घरची धुणीभांडी करते. मेव्हणा नाक्यावर. पहिल्या खेपेला गरोदर राहिली तेव्हा आशाताईनं तिचं नाव मातृवंदना योजनेत घातलं. आशाताईवर माझा राग नाही. तीही आपल्यासारखीच, मानधनावर राबणारी बाई.

या योजनेची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमात लिहिलं की प्रत्येक गरोदर आणि स्तनदा बाईला किमान सहा हजार रुपये मातृत्वाचा लाभ मिळेल. सरकारी नोकरीतल्या वगैरे बाया सोडून, प्रत्येक. २०१७ साली योजना आली तेव्हा सहाचे पाच हजार झाले आणि 'प्रत्येक' चं 'पहिल्या पोरापुरतं' झालं. उरलेल्या हजाराची भर जननी सुरक्षा योजनेतून पडेल म्हणाले. ती २००५ ची योजना. आपल्या महाराष्ट्रात तिच्यात दवाखान्यात बाळंत झालेल्या गरीब, दलित, आदिवासी बाईला शहरात सहाशे आणि खेड्यात सातशे. हजार कुठं झाले? पाच हजार अधिक सहाशे म्हणजे सहा हजार, असं गणित मी तरी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलो नाही.

ते पाच हजारही एकदम नाहीत. पहिल्यांदा तीन हप्ते होते, हजार, दोन हजार, दोन हजार. २०२२ पासून दोन केले, तीन हजार आणि दोन हजार. पहिल्या हप्त्याला वेळेत नोंदणी आणि तपासणी. दुसऱ्याला जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी. पैसे आधारला जोडलेल्या बँक खात्यात.

बहिणीनं सगळं केलं. नोंदणीला एक दिवस. तपासणीला गेली तर बाई आली नव्हती, परत दुसरा दिवस. रक्त तपासायला तिसरा. आधारवर माहेरचं नाव, म्हणून त्या केंद्रावर दोन दिवस. जन्माच्या दाखल्याला एक. लसीला तीन. नऊ खाडे. चार घरच्या बायका मिळून एका खाड्याला अडीचशे कापतात. सव्वादोन हजार तिथंच गेले. झेरॉक्स, सायबरवाला, रिक्षा, साडेतीनशे.

तरी पैसे येईनात. सात महिन्यांनी कळलं की आले होते. पण कुठं? गावच्या बँकेत. पाचवीत असताना तिला सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती लागली होती, महिन्याला साठ रुपये. त्यासाठी गावात खातं काढलं होतं. पुढं कधीतरी आधार त्याच खात्याला जोडलं गेलं आणि तिथंच राहिलं. वापर नाही म्हणून खातं झोपलेलं. शिकायला मिळालेल्या साठ रुपयांच्या खात्यात बाळंतपणाचे पैसे अडकले! मग तान्ह्या पोराला काखेत मारून गावाला जाऊन येणं, चौदाशे रुपये. एकूण चार हजार. म्हणजे पाच हजारांतले चार हजार अटी पुऱ्या करण्यात गेले. तिच्या पोटात गेले हजार. त्यात नाचणी आणि खजूर घेतला.

आणि या सबंध काळात एकदा तरी कुणी दवाखान्याची हजेरी मांडली का? बाई आली नव्हती त्या दिवशी बहिणीचा खाडा झाला त्याचे पैसे कुणी दिले का? आजाचा सवाल तिथंच उभा आहे. वीस वर्षं होत आली.

दोस्तांनो, अट ही आपल्याला नवी नाही. खुद्द बाबासाहेबांच्या गळ्यात अट होती. १९१३ साली त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. संस्थानानं अमेरिकेतल्या शिक्षणाला शिष्यवृत्ती दिली आणि अट घातली की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची. सयाजीराव महाराजांचं ऋण नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. त्या पैशानं बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोचले. पण पुढं काय झालं? १९१७ साली बाबासाहेब अट पुरी करायला बडोद्याला हजर झाले. आणि त्या सबंध शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. माणसाला बाहेर पडावं लागलं, झाडाखाली बसून रडावं लागलं, मुंबईची गाडी धरावी लागली.

अट एका बाजूनं लिहिली होती. अस्पृश्य माणसानं काय करायचं ते करारात होतं. शहरानं त्याला छप्पर द्यायचं, हे करारात कुणी लिहिलंच नव्हतं. जगातली सगळ्यात हुशार हजेरी तिथं लागली आणि परत फिरली. मातृवंदनेचा फॉर्म बघताना मला बडोद्याचा करार दिसतो, तो यासाठी.

आणि याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारनं उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका. १९२९ साली तो कायदा झाला. म्हणून ज्या भावानं भीक म्हणून थुंकायला सांगितलं त्याला मी विचारतो, बाबासाहेब भीक मागत होते काय? बाईचं अंग झिजून या देशाला नवा माणूस मिळतो. त्या झिजेची ती भरपाई आहे. आणि सरकारच्या तिजोरीत पैसा आला कुठून? आपण साबण घेतो त्यावर कर, चप्पल घेतो त्यावर कर. पैसे घ्यायचे. मान वर करून घ्यायचे. थुंकायचंच असेल तर पैशावर नव्हे, अटीवर थुंका. तुझी आई गरोदरपणी सातव्या महिन्यात फरशी पुसत होती की नव्हती ते घरी जाऊन विचार, आणि मग भीक म्हण.

आता मी एकतर्फी बोलतो असं वाटायला नको. त्या गठ्ठ्यात आणखीही काही होतं.

आफ्रिकेत मलावी देश आहे. तिथं झोंबा भागात २००८-०९ मध्ये वयात आलेल्या मुलींवर एक प्रयोग झाला. काही जणींना शाळेच्या हजेरीच्या अटीवर पैसे. काही जणींना बिनअटीचे. अटवाल्या मुली शाळेत जास्त टिकल्या. हे खरं आहे आणि बी.ए. वाल्या दोस्ताच्या बाजूनं आहे, म्हणून आधी सांगतो. पण लहान वयातली लग्नं आणि गरोदरपण कुठं घटलं? बिनअटीच्या पैशात. का? कारण जी मुलगी शाळेतून गळाली तिचे पैसे अटवाल्या योजनेत बंद झाले, आणि मग तिला नवऱ्याच्या घरावाचून दुसरी वाट उरली नाही. बिनअटीचीला शाळा सुटली तरी पैसे होते. म्हणजे अट टिकणारीला हात देते आणि पडणारीचा हात सोडते. नेमका पडायच्या वेळी सोडते. माझ्या बहिणीचा दुसरीतला रुपया असाच सुटला होता.

मोरोक्कोत २००८ ते २०१० मध्ये त्याच्याही पुढचं दिसलं. आईबापांना नुसतं सांगितलं की हे पैसे पोरांच्या शिक्षणासाठी आहेत. अट नाही, हजेरीची तपासणी नाही. पोरं शाळेत टिकली. दुसऱ्या गावांत वर अटही घातली, तर तिचा वेगळा फायदा दिसला नाही. अडाणी म्हणून हिणवलेल्या बापांनी पैशाचं काय करायचं ते बरोबर केलं.

आणि ब्राझीलमध्ये २००३ पासून बोल्सा फामिलिया. मधे नाव बदललं, २०२३ साली परत आली. तिथंही अटी आहेत. पण पोराची हजेरी पडली तर तिथं पहिल्या खेपेला नुसती ताकीद. लगेच पैसे तोडत नाहीत. घर अडचणीत आहे असं समजून सरकारच्या माणसानं चौकशी करायची, का पडली म्हणून. हजेरी पडणं हा तिथं गुन्हा नाही, खूण आहे. आमच्याकडं पोरीची हजेरी पडली तेव्हा घरी कोण आलं? कुणी नाही. वहीत लाल रेघ आली.

आणि अट नसेल तर पैसे वाया जातात म्हणणाऱ्यांनी २०२४ आठवावं. महाराष्ट्रात विधानसभेच्या निवडणुकीआधी लाडकी बहीण योजना आली. महिन्याला दीड हजार थेट बाईच्या खात्यात. उत्पन्नाची मर्यादा होती, वयाची होती, पण शाळेची, दवाखान्याची, हजेरीची अट नाही. कुणी म्हणालं नाही की बायांना वळण लागणार नाही. मतं हवी होती तेव्हा सगळ्या बहिणी शहाण्या होत्या. निवडणूक झाली आणि अर्जांची छाननी सुरू झाली. म्हणजे बिनअटीचे पैसे देता येतात. तिजोरी फाटत नाही. फक्त द्यायची गरज त्यांना वाटली पाहिजे.

तर मग आपलं म्हणणं काय?

आपलं म्हणणं अट काढा एवढंच नाही. अट उलटी करा. आजाच्या गोदीत होती तशी करा.

गरोदर बाई दवाखान्यात हजर झाली आणि बाई नाही, गोळ्या नाहीत, यंत्र बंद आहे, तर तिच्या बुडालेल्या रोजीचे पैसे सरकारनं त्याच दिवशी द्यावेत. पोरगी शाळेत आली आणि मास्तर नाही, तर त्या दिवसाचा भत्ता दुप्पट. फॉर्म भरून ठरल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचा दंड बाईच्या खात्यात. कायद्यात 'प्रत्येक' लिहिलंय तर प्रत्येक बाई, प्रत्येक बाळंतपण. हजेरी पडली तर पैसे तोडायच्या आधी घरी माणूस आला पाहिजे आणि त्यानं विचारलं पाहिजे, ताई, काय झालं?

हे वेड्याचं बोलणं नाही. असं कायद्यात लिहून झालेलं आहे. आपल्याच राज्याच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात होतं की मागून काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. २००५ च्या देशाच्या कायद्यात होतं, पंधरा दिवसांत काम नाही तर भत्ता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही आहे, हक्काचं धान्य दिलं नाही तर त्याबदली भत्ता. म्हणजे सरकारवर अट घालता येते हे सरकारलाही ठाऊक आहे. त्या अटी कागदावर झोपतात आणि आमच्यावरच्या अटी यंत्रावर जाग्या असतात, एवढाच फरक. आमचा अंगठा एकदा जुळला नाही की पैसे बंद. सरकारचा अंगठा कुठल्या यंत्रावर ठेवायचा?

आणि आजाची ती गोदी तरी कुठं उरली? १९९४ साली बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. कार्डवाले म्हातारे होत गेले. मी आज त्याच फाटकातून आत जातो. माझ्याकडं पास आहे, कार्ड नाही. जहाज नसेल तर ठेकेदार फोन करून सांगतो, आज येऊ नको. आजाचा हक्क नातवापर्यंत पोचला नाही. हक्क एकदा मिळाला म्हणजे कायमचा झाला असं नसतं, हे मी दर पावसाळ्यात शिकतो.

म्हणून नुसता लेख लिहून थांबत नाही. विहाराच्या भिंतीला मी एक वही टांगलीय. दोन रुपयांच्या पेन्सिलीला दोरी बांधून. वस्तीतली जी बाई दवाखान्यात जाईल तिनं येऊन सांगायचं, कुणीतरी लिहायचं. तारीख. बाई होती का. गोळ्या मिळाल्या का. किती तास बसवलं. किती रोजी बुडाली. पोरांनी शाळेचं लिहायचं. मास्तर आला का, शिकवलं का. आजवर त्यांनी आमची हजेरी लिहिली. आता आम्ही त्यांची लिहायची. पंधरा दिवसांत चार पानं भरलीत. तीन महिन्यांची वही झाली की ती घेऊन वॉर्ड ऑफिसवर जायचं. तुमच्याही वस्तीत टांगा. भाषणापेक्षा ही वही त्यांना जास्त बोचेल, कारण तिच्यात तारखा आहेत.

शेवटचं. बहीण पुन्हा गरोदर आहे. सातवा चालू आहे. दुसऱ्या खेपेला योजनेचा नियम असा, की मुलगी झाली तर सहा हजार. मुलगा झाला तर काही नाही. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं, गर्भातच तिला मारू नये, हा हेतू आहे म्हणतात. हेतूशी माझं भांडण नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ साली देशात सगळ्यात आधी कायदा करणारं हे राज्य आहे. पण मदत कुणाची करताय, आईची ना? परवा ती भांडी घासून आली, पाय सुजलेले, भिंतीला टेकून बसली नि म्हणाली, "दादा, मुलगा झाला तर माझं रक्त आपोआप भरतं का रे?"

मला उत्तर आलं नाही. बी.ए. वाल्याला येत असेल तर त्यानं द्यावं. भीक म्हणणाऱ्याला येत असेल तर त्यानं द्यावं. मी उठलो, विहारात गेलो नि वहीच्या पाचव्या पानावर तिचा सवाल लिहिला, तारीख घालून. वॉर्ड ऑफिसवर तो पहिला वाचायचा.

हजेरी आम्ही पहिल्यापासून लावत आलोय. आता तुमची लावा.

जयभीम.